डोंगरवाटा, पर्यटक आणि आपले बांध

पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे व नवी मुंबईतील लोक सुट्टीच्या दिवशी पनवेल परिसरातील डोंगरांकडे वळतात. ज्या वाटांनी ते चढतात, त्यांपैकी बऱ्याच वाटा आपल्या गावांच्या जुन्या पायवाटाच आहेत. या येण्याजाण्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळू शकतात. परंतु वाट राखली नाही तर डोंगर धुपतो, बांध फुटतो आणि खाचरात मुरूम येऊन पडतो. म्हणून वाटेची निगा हा शेतीचाच भाग समजावा.

परिसरातील वाटा

पनवेलपासून सुमारे १२ कि.मी. अंतरावर मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. त्याची स्थापना १९६८ साली झाली. येथे हरियाल व मोरटाका या आखीव निसर्गवाटा असून किल्ल्यावर जाणारी वाट वेगळी आहे. प्रबळगड व कलावंतीण सुळक्याकडे जाणारी वाट ठाकूरवाडीहून प्रबळमाचीवर चढते. खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी व फणसवाडी या आदिवासी वस्त्या आहेत. त्याच डोंगरातील पांडवकडा धबधब्यावर बुडून अनेकांचा मृत्यू झाल्याने तेथे पावसाळ्यात प्रवेशबंदी घालण्यात येते. खाडीकडे ऐरोली येथे जैवविविधता केंद्र आहे. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा व २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

वाट का बिघडते?

पायांनी तुडवलेल्या जागी गवत टिकत नाही, माती घट्ट होते व पाणी मुरत नाही. वाट उतारावर सरळ खाली जात असेल तर पाणी तिच्यातूनच वाहते. कोकणातील जोरदार पावसात अशा वाटेची दोनचार वर्षांत घळ होते. घळीतून चालणे अवघड झाले की लोक बाजूने नवी वाट पाडतात आणि धूप दुप्पट होते. भातखाचराचे बांधही लावणीच्या दिवसांत ओले व मऊ असतात. त्यांवरून माणसांची रांग गेल्यास बांध खचून पाणी निघून जाते.

उपाय

१) वाट सरळ न ठेवता उताराला आडवी, नागमोडी वळवावी व मधल्या आडवाटा काटेरी फांद्यांनी बंद कराव्यात.

२) वाटेवर ठरावीक अंतराने, सुमारे ४५ अंशांच्या कोनात तिरपी, दगडांची ओळ पुरावी व पाणी गवताळ बाजूस काढून द्यावे. चढ जितका अधिक, तितके हे अंतर कमी ठेवावे.

३) वाटेच्या कडेला वाळा लावावा. त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात.

४) ही कामे पावसाळ्यापूर्वी करावीत. जमीन वनखात्याची असल्यास आधी परवानगी घ्यावी.

५) जून ते ऑक्टोबर या काळात पर्यटकांना खाचराच्या बांधावरून न नेता बाहेरून वाट द्यावी व तसा फलक लावावा.

हक्क समजून घ्या

गाव नकाशात पायमार्ग एका तुटक रेषेने दाखविलेला असतो. तो अडवू नये. मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून जो रस्ता देतात, तो शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी असतो, सहलीसाठी नव्हे. इंग्लंडमध्ये १९९० च्या कायद्यानुसार शेतातून जाणारी सार्वजनिक पायवाट पेरणीसाठी नांगरली, तर शेतकऱ्याने ती १४ दिवसांत पूर्ववत करावयाची असते. शेताच्या कडेची वाट मात्र त्याला नांगरताच येत नाही. आपल्याकडे ग्रामसभेत चर्चा करून वाट, वाहनतळ व कचऱ्याचे नियम ठरविणे सोयीचे ठरते.

उत्पन्नाची जोड

प्रबळमाचीवरील कुटुंबे पर्यटकांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय करतात. असे काम इतर गावांनाही करता येईल. पावसाळ्याच्या सुरुवातीस शेवळ, टाकळा व करटोली या रानभाज्या, तर भात कापणीनंतर घेतलेल्या वालाच्या शेंगा व त्यांची पोपटी यांना शहरी माणसाकडून मागणी असते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली जाहीर झाले. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते.

पाहुणा एक दिवस येतो, बांध मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकवावयाचा असतो. म्हणून शेतकरी बंधूंनी आधी वाट बांधावी आणि मगच पाहुण्यास बोलवावे.