तीनशे बॉस आणि एक रजिस्टर

बी.कॉम.चा रिझल्ट लागला आणि पंधरा दिवसांत नोकरीही लागली. घरी सांगितलं, ‘मॅनेजर झालोय.’ आई खूश! कुठे, असं विचारल्यावर म्हटलं, ‘वाकडला, एका सोसायटीत.’ बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘म्हणजे वॉचमनवर लक्ष ठेवायचं?’

तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. पण आता दोन वर्षांनंतर सांगू शकतो.

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या हाउसिंग सोसायट्या म्हणजे छोटी गावंच झालीत. लिफ्ट, जनरेटर, एसटीपी, पाण्याचे टँकर, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, मेंटेनन्सची बिलं आणि त्यातले थकबाकीदार. कमिटी असते, पण चेअरमन-सेक्रेटरींना स्वतःच्या नोकऱ्या असतात. मग सोसायटी चालवून देणाऱ्या कंपनीला कंत्राट दिलं जातं आणि ती कंपनी माझ्यासारखा एक जण तिथल्या ऑफिसात बसवते. पगार कंपनी देते, काम कमिटी सांगते आणि ओरडतात सगळेच. आमच्याकडे तीनशे फ्लॅट होते. म्हणजे तीनशे बॉस.

पहिला धक्का सुट्टीचा. मेंबर लोक घरी असतात रविवारी, त्यामुळे तक्रारी, मीटिंगा सगळं रविवारी. माझी सुट्टी मंगळवारी. कॉलेजच्या ग्रुपवर ट्रेकचे फोटो यायचे, तेव्हा मी टँकरच्या पावत्या मोजत असायचो.

दुसरा धक्का बोलण्याचा. माझं नाव कुणाला पाठ नव्हतं. ‘अरे मॅनेजर’ हेच नाव. रात्री साडेअकराला फोन, ‘वरच्यांचा कुत्रा भुंकतोय.’ सकाळी सहाला फोन, ‘गीझर चालत नाहीये.’ काका, गीझर तुमचा आहे, सोसायटीचा नाही, हे झोपेत नम्रपणे सांगता येणं ही एक कला आहे. ती कुठल्याच सेमिस्टरला नव्हती.

पहिल्याच पावसाळ्यात मी राजीनामा लिहून ठेवला होता. सातव्या मजल्यावरच्या एका घरात बाथरूमचं छत गळत होतं. खालचे म्हणायचे, सोसायटीने करून द्यावं. वरचे दार उघडायला तयार नाहीत. दोघांनी मला कमिटीसमोर उभं केलं. ‘हा काहीच करत नाही.’ खरंच, करायचं काय हे मला कळत नव्हतं.

आमच्या कंपनीत एक सीनियर होते, सहकार खात्याची परीक्षा पास झालेले. त्यांनी माझ्यासमोर उपविधींचं पुस्तक ठेवलं. ‘आधी हे वाच. मग राजीनामा दे.’ गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची. टॉयलेट, सिंकमधून आतल्या आत गळत असेल तर खर्च त्या फ्लॅटवाल्याचा. इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं! मी प्लंबरला घेऊन पाहणी केली, फोटो काढले, रजिस्टरमध्ये तारीख-वेळ टाकली आणि कमिटीच्या सहीने वरच्यांना पत्र दिलं. आठवड्याभरात काम झालं. थँक्यू कुणीच म्हणालं नाही. पण आवाज खाली आले.

तिथून मला या कामाची किल्ली सापडली. माझ्या हातात अधिकार शून्य. मी कुणाला दंड करू शकत नाही, कुणाचं पाणी तोडू शकत नाही. माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, नियम आणि नोंद. भाडेकरू ठेवला म्हणून मनाला येईल तेवढे पैसे लावा, असं एक कमिटी मेंबर म्हणाले, तेव्हा मी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा दाखवली. एका आजींचे यजमान गेले, नॉमिनेशन आजींच्या नावावर. त्यांना वाटत होतं, नॉमिनी म्हणजे मालक. तसं नसतं. सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करते, पण मालकी वारसा हक्काने ठरते. त्यांच्या मुलांना बोलावून हे समजावलं. आजी नंतर दर संक्रांतीला ऑफिसात तिळगूळ आणून द्यायच्या. त्यांना माझं नाव माहीत होतं.

हे सगळं गोड गोड वाटायला नको म्हणून शेवटही सांगतो.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. चौदा दिवस आधी नोटीस. ती मीच टाइप केली. विषय क्रमांक सात : व्यवस्थापन कंपनीच्या कंत्राटाचं नूतनीकरण. म्हणजे माझीच नोकरी! मीच झेरॉक्स काढल्या, मीच खुर्च्या लावल्या, समोसे सांगितले आणि मागे उभा राहून ऐकलं. चर्चा चाळीस मिनिटं चालली. दुसरी कंपनी महिन्याला थोड्या कमी पैशात येत होती. कुणीतरी म्हणालं, ‘पोरगा चांगला आहे हो.’ त्यावर उत्तर आलं, ‘चांगला आहे, पण बजेट?’ हात वर झाले. मिनिट्ससाठी मोजलेही मीच.

कंपनीने मला बाणेरच्या सोसायटीत पाठवलं. आमच्या हाउसकीपिंगच्या दोन मावश्यांना मात्र नवीन ठेकेदाराने घेतलं नाही. सात वर्षं तिथले जिने पुसले होते त्यांनी. त्यांच्यासाठी कुठल्याच पुस्तकात मला नियम सापडला नाही. चेअरमन काकांना दोनदा भेटलो, एकीचं काम झालं, दुसरीचं नाही.

तरीही मी याच फील्डमध्ये आहे. मे महिन्यात जी.डी.सी. अँड ए.ची परीक्षा देतोय. सहकार खात्याची ही पदविका कुठल्याही शाखेचे पदवीधर करू शकतात, आणि सहकारी संस्थांच्या हिशोब-तपासणीकडे वळायचं तर ती उपयोगी पडते. कॉमर्सवाल्यांनो, लक्षात असू द्या. मात्र नोकरी घेताना विचारा, पीएफ आहे का, सुट्टी कधी, आणि कंत्राट गेलं तर आपलं काय.

परवा घरी जेवताना आई वैतागली होती, ‘आपला सोसायटीचा मॅनेजर अगदीच बिनकामाचा आहे, दोन दिवस झाले लिफ्ट बंद!’ मी विचारलं, ‘नाव काय त्याचं?’

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा खाली जाऊन विचारून आले. लिफ्टचा पार्ट मुंबईहून यायचा होता, तो सकाळपासून त्याच्याच मागे होता.