अजिंठा पाहताना मोटारीचीही काळजी घ्या
बंद मोटार आणि सुरक्षित मोटार यांत फरक आहे. थोडी सावधगिरी मोठे नुकसान टाळू शकते

फर्दापूर (ता. सोयगाव), प्रतिनिधी : अजिंठा लेणी पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांना आपली मोटार लेण्यांच्या पायथ्याशी नेता येत नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर वाहन उभे करून पुढचे सुमारे चार किलोमीटरचे अंतर एसटीच्या बसने कापावे लागते. लेण्यांचे प्रदूषणापासून रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू. मात्र, यामुळे मालक आणि मोटार यांची काही तासांसाठी ताटातूट होते. मुक्कामाच्या तयारीने निघालेल्या कुटुंबाच्या बॅगा, लॅपटॉप व रोख रक्कम बहुधा मोटारीतच असते. वेताळवाडीचा किल्ला किंवा घटोत्कच लेणी पाहायला जाणाऱ्यांना तर मोटार अनेकदा रस्त्याच्या कडेलाच सोडावी लागते. अशा वेळी कुलूप लावले म्हणजे काम झाले, असे मानणे महागात पडू शकते.

मोटार मजबूत, काच दुबळी

आधुनिक मोटारींत इमोबिलायझर ही यंत्रणा असते. चावीतील चिपचा संकेत जुळला नाही, तर इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे तारा जोडून मोटार पळविणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. परंतु ही यंत्रणा इंजिनाचे रक्षण करते, आतील सामानाचे नाही. दरवाजाची काच फुटताच तिचे बारीक तुकडे होतात आणि आसनावरची बॅग क्षणात लांबविता येते. दरवाजा उघडल्यावर वाजणारा भोंगा केवळ काच फोडल्यास वाजेलच, याचीही खात्री नसते.

म्हणूनच बाहेरून काहीही दिसू न देणे, हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय ठरतो. सामान डिकीत ठेवायचे असल्यास ते वाहनतळावर पोहोचण्यापूर्वीच ठेवावे. सर्वांदेखत डिकी उघडून बॅगा लपविणे म्हणजे चोराला पत्ता देण्यासारखेच आहे. शक्य असेल तर सामान हॉटेलवर ठेवूनच लेणी पाहण्यास निघावे. घराची चावी आणि पत्ता असलेली कागदपत्रे मोटारीत एकत्र कधीही ठेवू नयेत. वाहनाची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये दाखविता येत असल्याने मूळ प्रती सोबत बाळगण्याची गरज उरलेली नाही.

रिमोटवर विसंबू नका

रिमोटचे बटण दाबून चालू लागण्याची सवय अनेकांना असते. तथापि, जवळपास कोणी रेडिओ संकेतात अडथळा आणत असल्यास मोटार कुलूपबंदच होत नाही. बटण दाबल्यावर दरवाजाची मूठ एकदा ओढून पाहावी. बटणाने सुरू होणाऱ्या मोटारींना आणखी एक धोका संभवतो. चावीचा संकेत उपकरणांच्या साह्याने दूरवर पोहोचवून मोटार उघडता व सुरू करता येते. अशी चावी घराच्या दाराजवळ न ठेवता संकेत रोखणाऱ्या पाकिटात ठेवावी. स्टिअरिंगला लावायचे जुन्या पद्धतीचे लोखंडी कुलूप आजही उपयोगी आहे. ते तोडण्यास वेळ लागतो आणि चोराला नेमका वेळच नको असतो.

चोरी झालीच तर

काच फुटलेली आढळल्यास आत हात घालून शोधाशोध करू नये; बोटांचे ठसे पुसले जातात. छायाचित्रे काढून 112 क्रमांकावर कळवावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचा प्रश्न न आणता कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्ह्याची माहिती देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी करावी लागते. परगावच्या पर्यटकांसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

विमा कंपनीलाही तातडीने कळवावे. पोलिसांत तत्काळ तक्रार दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळविले म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये दिला. मात्र, निव्वळ तृतीय पक्ष विम्यात मोटारीच्या चोरीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. त्यातही फुटलेल्या काचेचा खर्च मिळू शकतो, पण चोरीस गेलेला लॅपटॉप वा दागिने सहसा त्यात बसत नाहीत. मोटार चोरीस गेल्यास कंपन्या दोन्ही चाव्या मागतात. त्यामुळे दुसरी चावी मोटारीतच ठेवणे म्हणजे चोराची सोय आणि स्वतःची अडचण होय.

लेण्यांकडे निघण्यापूर्वी आसने रिकामी, काचा बंद आणि दरवाजा ओढून पाहिलेला, एवढे तपासण्यास एक मिनिट पुरते. पुढचे काही तास मग निश्चिंतपणे चित्रांसाठी देता येतात.