उत्तर आलंच नाही, तर?

भाजीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन करून ८० रुपये पाठवले, की निरोप आधी ॲपच्या सर्व्हरकडे जातो, तिथून एनपीसीआयच्या यूपीआय यंत्रणेकडे आणि मग तुमच्या बँकेकडे. तिथे रक्कम नावे पडली की भाजीवाल्याच्या बँकेला ती जमा करायला सांगितलं जातं. होकार उलट्या वाटेने परत येतो. यातली यंत्रं वेगवेगळ्या संस्थांची, प्रोग्राम वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले. अशा अनेक यंत्रांनी मिळून एकच काम करायचं, ही झाली वितरित प्रणाली. बँका, रेल्वे आरक्षण, विमा, कारखान्यांचा साठा, सगळीकडे आता हाच कारभार.

यात यंत्र बंद पडणं ही मोठी अडचण असेल, असं नवख्याला वाटतं. खरा छळ होतो तो उत्तर न आल्याने. जमा करण्याचा निरोप गेला आणि ठरलेल्या वेळात काहीच परत आलं नाही, तर काय समजायचं? निरोप वाटेतच हरवला असेल. पोहोचला असेल, पण जमा होण्याआधी सर्व्हर पडला असेल. किंवा पैसे रीतसर जमा झाले असतील आणि होकार तेवढा गहाळ झाला असेल. पाठवणाऱ्याला तिन्ही प्रसंग सारखेच दिसतात. मोबाइलवर ‘पेंडिंग’ झळकतं ते उगीच नाही.

मग निरोप पुन्हा पाठवावा का? तिसरा प्रसंग घडला असेल तर पैसे दोनदा जमा होतील. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक देतात. घेणारी बाजू आधी आपल्या नोंदी तपासते. क्रमांक सापडला तर पुन्हा काही न करता जुनंच उत्तर देते. या गुणाला इंजिनिअर मंडळी ‘आयडेम्पोटन्सी’ म्हणतात. ऐकायला सोपं, पण मेख दोन ठिकाणी आहे. क्रमांक पहिल्या प्रयत्नाआधीच तयार हवा आणि पुढच्या प्रत्येक प्रयत्नात तोच हवा. दर वेळी नवा क्रमांक दिला तर सगळं मुसळ केरात. शिवाय क्रमांकाची नोंद आणि रकमेची नोंद डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हायला हवी. नाहीतर नेमका या दोहोंच्या मध्ये सर्व्हर कोसळतो.

सगळ्यांनी एकदमच हो म्हणायचं, अशीही एक पद्धत आहे. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. आधी सर्वांना ‘तयार आहात का?’ विचारायचं, मग ‘करा’ म्हणायचं. पण विचारणाराच मध्ये गायब झाला तर बाकीचे नोंदींना कुलूप लावून ताटकळतात. १९८७ मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी ‘सागा’ सुचवली. मोठ्या व्यवहाराचे लहान तुकडे करायचे आणि मध्येच बिघडलं तर झालेल्या प्रत्येक तुकड्याची उलटी नोंद घालायची. नावे पडलेले पैसे आपल्या खात्यात परत येतात, तो याच जातीचा उपाय. पैसे हस्तांतरात रक्कम समोर जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करायची आणि त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई द्यायची, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये घालून दिला.

दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत, हेही लक्षात असू द्या. आधी काय घडलं, हे नुसत्या वेळेवरून ठरवता येत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९७८चा प्रसिद्ध निबंध त्यावरच आहे.

वितरित प्रणाली शिकायला बसलेली मुलं पहिल्याच दिवशी कुबरनेटिस आणि काफ्कासारखी मोठी साधनं उघडतात. मला हे उलटं वाटतं. मार्टिन फाउलर यांनी २००२ साली एंटरप्राइझ सॉफ्टवेअरवरच्या पुस्तकात बजावलंच होतं, की गरज नसेल तर काम अनेक यंत्रांवर वाटून टाकूच नका. शिकण्यासाठी दोन लहान प्रोग्राम पुरतात, एक ऑर्डर घेणारा आणि एक साठा कमी करणारा. साठ्याच्या प्रोग्रामात डेटाबेसमध्ये नोंद झाल्यानंतर, पण उत्तर देण्याआधी, दहा सेकंदांची झोप घाला आणि तेवढ्यात तो प्रोग्राम मारून टाका. तो पुन्हा सुरू करून तीच ऑर्डर परत पाठवा. साठा दोनदा कमी झालेला दिसेल. आता क्रमांक जोडा आणि हाच खेळ पुन्हा करा. तो जमला की पैसे घेणारा तिसरा प्रोग्राम आणा. पैसे मिळालेच नाहीत तर साठा परत वाढवणारी उलटी नोंद तिथे तुम्हालाच लिहावी लागेल, आणि ती नोंदही मध्येच अडकू शकते.