वर्गाची सामायिक वही

वाङ्मयाचा तास संपतांच कविता विसरली जाते, ती मुलांस रस नसतो म्हणून नव्हे; त्यांच्या लिहिण्यास परीक्षकावांचून दुसरा वाचकच नसतो म्हणून.

साने गुरुजी १९२४ सालीं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्यें शिक्षक झाले. पुढें तेथील वसतिगृहांतील मुलांसाठीं त्यांनीं ‘छात्रालय’ हें हस्तलिखित दैनिक चालविलें. लिहिलेलें लगेच वाचलें जाई, हेंच त्याचें बळ होय.

औशाच्या मुलामुलींस तर याचें मोल अधिक वाटावें. १९४८ पर्यंत हें गांव निजामाच्या राज्यांत होतें, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. मराठी घरांत उरली. उच्च शिक्षण परभाषेंत गेलें. आज तो अडसर नाहीं. तरीही स्वतःचें मत मराठींत मांडतांना मुलें अडखळतात.

म्हणून वाङ्मयाच्या वर्गानें एक सामायिक वही ठेवावी. एकानें वाचलेल्या कवितेविषयीं पानभर लिहावें, दुसऱ्यानें खालीं उत्तर द्यावें. ‘आवडली’ एवढें लिहून तेथें भागत नाहीं, सोबती ‘कां?’ म्हणून विचारतो, आणि पुन्हा कवितेकडे वळावें लागतें. वर्षाअखेर प्रत्येकानें आपलें पहिलें पान वाचून पाहावें. स्वतःची वाढ तेथें दिसेल. घरांतील वडीलधाऱ्यांनींही ती वही अवश्य वाचावी. मात्र लाल शाई दूर ठेवावी.