क्रीडासंपादकाकडे जाताना

कामगारांच्या कबड्डी संघांची एक जुनी तक्रार आहे : आमची बातमी छापून येत नाही. तक्रार खोटी नाही. पण आपण संपादकाकडे काय घेऊन जातो, हेही पाहिले पाहिजे. बहुधा आपण नेतो ती उद्घाटनाची हकीकत. तिच्यात प्रमुख पाहुणे असतात, अध्यक्ष असतात, आभार मानणारेही असतात. चढाई करणारा तेवढा नसतो!

निकाल आणि विषय यांत अंतर आहे. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हा निकाल. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी जमवली, हा विषय. २०२४ साली पॅरिसला स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. ते कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे. तेव्हा ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. हे कळताच नोकरी आणि सराव यांची सांगड कशी बसते, असा प्रश्न मनात येतो. विषय तेथे सुरू होतो.

आपल्या गावातही असे प्रश्न आहेत. रात्रपाळी करणारा खेळाडू सराव केव्हा करतो? गुडघा दुखावला तर बुडालेला रोज कोण देतो? मुलींचा संघ अंधार पडल्यावर मैदानावरून घरी कसा जातो?

असा विषय मांडताना आम्ही मागणीपत्राचा नियम पाळतो. एका पत्रात एकच मुद्दा. पहिल्या दोन वाक्यांत कोण, कोठे आणि आजच का, हे यावे. पुढे पुरावा : तारखा, गुणपत्रक, बोलायला तयार असलेल्या खेळाडूचा दूरध्वनी क्रमांक, त्याच्या संमतीने. नावे दोनदा तपासावीत. संध्याकाळी निकालांची गर्दी असते. तेव्हा जाऊ नये, सकाळी जावे. तोच खास विषय एकाच वेळी दोन पत्रांना देऊ नये. नकार आला तर कारण विचारावे, भांडू नये.

आणि मिनतवारीही करू नये. बातमी ही भीक नव्हे. मैदानावर इमारत उभी राहू लागली की सारे गाव हळहळते. परंतु तेथे रोज कोण खेळत होते, हे आधी कधी छापलेच गेले नसेल, तर त्या मैदानाच्या बाजूने साक्ष कोण देणार?