मूत्राशयाचे जुने दुखणे : लाज नको, उपचार हवा

आजारी भिक्खूकडे सोबत्यांनी दुर्लक्ष केले, तेव्हा तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः त्याला स्नान घातले, ही विनयपिटकातील कथा आपणा सर्वांना माहीत आहे. तो भिक्खू पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडला होता. तथागतांना त्याची किळस आली नाही. आपण मात्र लघवीच्या दुखण्याविषयी घरातही बोलायला लाजतो.

विशेषतः आपल्या माता-भगिनी हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. मूत्राशय भरू लागले की ओटीपोटात कळ येते, लघवी झाली की थोडे बरे वाटते आणि लगेच पुन्हा तेच. रात्रीची झोप मोडते. मग बाई पाणी कमी पिते, एस.टी.चा प्रवास टाळते, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे तर आधी शौचालयाची धास्ती घेते. पाणी कमी झाल्याने लघवी दाट होते व त्रास वाढतोच.

लघवीत जंतू सापडल्यास डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स पूर्ण करावा. परंतु कल्चर तपासणी निर्दोष येऊनही दुखणे सहा आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' असू शकतो. अमेरिकेतील डॉ. गाय हनर यांनी १९१५ साली अशा रुग्णांच्या मूत्राशयातील व्रणांचे वर्णन केले होते. म्हणून 'रिपोर्ट चांगला आहे, हे मनाचे खेळ आहेत' असे म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र क्षयरोग, मुतखडा वा कर्करोग नाही, याची मूत्ररोगतज्ज्ञाकडून खात्री करून घ्यावी.

आहारातील पथ्य व गोळ्या यांनी भागले नाही, तर औषध थेट मूत्राशयात सोडतात. त्यासाठी दाखल व्हावे लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात बधिर करणारी जेली लावून मूत्रमार्गातून बारीक नळी घालतात, लघवी काढून टाकतात, औषध सोडतात आणि नळी काढतात. औषध साधारण १५ ते ३० मिनिटे धरून ठेवायचे व नंतर लघवी करून घरी जायचे. बहुधा आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे, पुढे गरजेप्रमाणे महिन्याने.

मूत्राशयाच्या अस्तरावरील संरक्षक थर विरळ झाल्याने लघवीतील क्षार आत झिरपतात, असे मानले जाते. हायल्युरॉनिक अ‍ॅसिड वा हेपॅरिन हा थर सावरण्यासाठी देतात; लिग्नोकेन वेदना शमवते. डीएमएसओ या औषधाला अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळाली. त्याने दोन-तीन दिवस श्वासाला लसणासारखा वास येतो, घाबरू नये.

हा उपचार रोग मुळापासून नाहीसा करत नाही आणि सर्वांनाच सारखा गुण येत नाही. लघवीत जंतुसंसर्ग असताना तो करत नाहीत. नंतर एखाद-दोन दिवस जळजळ होऊ शकते. ताप आला किंवा रक्त गेले तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. औषधांच्या किमतीत मोठा फरक असतो, तेव्हा स्वस्त पर्याय आहे का, हे निःसंकोच विचारावे.

पती, मुलगा, भाऊ यांनी घरातील स्त्रीला 'दवाखान्यात चल, मी बरोबर येतो' एवढे म्हटले, तरी अर्धी लढाई जिंकली. रुग्णसेवा हाही धम्मच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!