एंग्लुंड गँबिट

एंग्लुंड गँबिट ही बुद्धिबळातील एक प्रारंभपद्धती होय. पांढऱ्याच्या डी४ या पहिल्या खेळीस काळा ई५ असे उत्तर देऊन प्यादे बळी देतो. स्वीडिश खेळाडू फ्रिट्झ एंग्लुंड (१८७१–१९३३) यांच्यावरून हे नाव पडले. प्याद्याचा पुरेसा मोबदला मिळत नसल्याने ही पद्धती सदोष मानली जाते. तरीही वरचढ प्रतिस्पर्ध्यास गोंधळात पाडण्यासाठी तिचा आश्रय घेतला जातो. तिचा सारा भरवसा एका सापळ्यावर असतो. काळ्याचा वजीर बी४वरून शह देतो, पांढरा उंट डी२वर आडवा येतो आणि वजीर बी२वरील प्यादे मारतो. आता तोच उंट सी३वर नेल्यास काळ्याचा उंट बी४वर येऊन त्यास जखडतो व डाव पांढऱ्याच्या हातून निसटतो. घोडा सी३वर आणल्यास मात्र काळा वजीरच संकटात सापडतो. बलवान खेळाडूस हे बहुधा ठाऊक असते. अशा वेळी साध्या प्रारंभातून बरोबरी साधण्याची जी आशा असते, ती काळ्याने पहिल्याच खेळीत बरीचशी गमावलेली असते.